टाइलखालचा जुना सिमेंट-वाळूचा मसाला काढण्याचं काम: नव्याने टाइलकामात येणाऱ्यांसाठी

टाइलच्या कामाला आलेल्या पोराला पहिले काही महिने थापी मिळत नाही. छिन्नी, हातोडी आणि मलब्याचं पोतं मिळतं. मलाही तेच मिळालं. इंदूरला रामबागेतल्या एका जुन्या घरात स्वयंपाकघरातल्या सहा टाइल्स बदलायच्या होत्या. काकू दारातच म्हणाल्या, "बाळा, बाकीच्यांना धक्का लावू नकोस हं. तसली टाइल आता कुठे मिळत नाही."

म्हणून आधी ग्राउट, म्हणजे दोन टाइल्सच्या सांध्यात भरलेला मसाला. ते कापून सांधा मोकळा केला नाही, तर हातोडीचा हादरा सरळ शेजारच्या टाइलमध्ये जातो आणि तिची कड उडते. चार इंची ग्राइंडरला पातळ डायमंड चकती लावा, सांध्याच्या मधोमध चालवा आणि टाइलच्या जाडीपेक्षा खोल जाऊ नका. कोपऱ्यात गोल चकती पोचत नाही. पोचवायला गेलात की शेजारची टाइल कापली जाते, तेव्हा शेवटचा इंच-दीड इंच हातानेच खरवडायचा. मग टाइल मधोमध फोडायची आणि मधून कडेकडे यायचं. कडेला छिन्नी घालून उचकटलं की सगळा दाब शेजारणीवर येतो.

टाइल निघाली की काम झाल्यासारखं वाटतं, पण खरं काम तिथून पुढे आहे. खालचा मसाला जुन्या घरांत दीड-दोन इंचही असतो. तो सगळा काढायचा की नाही, हे हातोडीच्या दांड्याने ठोकून ठरवा. टणक आवाज आला तर थर स्लॅबला धरून आहे, वरचा भाग तासला की पुरे. बद्द, पोकळ आवाज आला किंवा खिळ्याने ओरखडल्यावर वाळू सुटली, तर तेवढा भाग खालपर्यंत काढून नव्याने भरा.

किती तासायचं हा हिशेब आहे. नवी टाइल 9 मिलिमीटरची आणि दाबल्यावर तिच्याखालचं अ‍ॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचं मिश्रण) 4 मिलिमीटरचं राहणार असेल, तर तळ शेजारच्या टाइलच्या पृष्ठभागापासून 13 मिलिमीटर खाली हवा. माझ्या उस्तादांनी टाइलच्या तुकड्याला 4 मिलिमीटरची पट्टी चिकटवून माप केलं होतं. दोन शेजारच्या टाइल्सवर सरळ गज आडवा ठेवायचा आणि ते माप त्याखालून सरकवत न्यायचं. जिथे अडेल तिथे छिन्नी. काकूंच्या घरी एका कोपऱ्यात ते चार वेळा अडलं, चारही वेळा मी पुन्हा बसलो.

पुढे स्वतःच्या हिमतीवर घेतलेल्या एका कामात मी हे टाळलं. मसाल्याचा एक उंचवटा राहू दिला, अ‍ॅडहेसिव्हमध्ये झाकला जाईल म्हणून. टाइल त्या उंचवट्यावर टेकली, बाजूला पोकळी राहिली. कपाटाचा पाय नेमका त्या पोकळीवर आला आणि टाइल तडकली. ती मी माझ्या पैशाने बदलून दिली.

न्हाणीघरात हात आणखी आवरा. मसाल्याखाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो. छिन्नी त्यात गेली तर पाणी खालच्या घराच्या छताला उतरतं.

धुळीबद्दल कुणी काहीही म्हणो, माझं ऐका. मसाल्यातल्या वाळूची बारीक धूळ म्हणजे सिलिका. तिने होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार बरा होत नाही. तोंडाला गमछा बांधून ती थांबत नाही. किमान एन-95 मास्क आणि गॉगल हवाच. छिन्नी मारताना पाणी शिंपडत राहा. ग्राइंडरला मात्र धूळ खेचणारा व्हॅक्यूम जोडा. साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी सोडू नका. मलब्याचं पोतं अर्धंच भरा, जिन्यावरून उतरवायचं आपल्यालाच असतं.

शेवटी तळ ब्रशने झाडा, ओल्या स्पंजने पुसा आणि पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब मुरला तर ठीक; मोत्यासारखा उभा राहिला तर तेल, रंग किंवा जुना गोंद शिल्लक आहे, पुन्हा घासा. मग पहिली टाइल बसवून लगेच उचला आणि उलटी करून बघा. पाठीवर कुठे कोरडा डाग दिसला, तर त्या जागी तळ बहुधा खोल राहिला आहे. अ‍ॅडहेसिव्ह ओलं आहे तोवरच ते खरवडून काढा आणि तेवढा खोलगट भाग भरून घ्या.