‘बनगरवाडी’चा सुट्टीत अभ्यास करताना या चुका टाळा

आठवीची परीक्षा संपल्यापासून जूनच्या मध्यावर नववीचे वर्ग सुरू होईपर्यंत पुण्यातल्या मुलांना जी मोकळीक मिळते, तिच्यात एखादी अभिजात लघुकादंबरी मुळातून वाचून तिचा अभ्यास करावा, असे मराठीचे अनेक शिक्षक सुचवतात. या कामासाठी व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’इतके योग्य पुस्तक क्वचितच सापडेल. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आटोपशीर आहे, तिची वाक्ये छोटी आणि स्वच्छ आहेत, आणि तिचा निवेदक वयाने शाळकरी मुलांपासून फार दूर नसलेला, धनगरांच्या एका वाडीवर नुकताच नोकरीला लागलेला एक तरुण शिक्षक आहे. तरीही सुट्टीच्या अखेरीस मुलांना पुस्तकाबद्दल विचारले, तर बहुतेकांच्या हाती कथानकाचे चार धागे आणि पाच-सहा पात्रांची नावे यांपलीकडे फारसे काही उरलेले नसते. याला मुलांच्या बुद्धीची उणीव कारणीभूत नसून वाचण्याच्या पद्धतीतल्या काही ठरावीक चुका कारणीभूत असतात, आणि त्या वेळीच ओळखल्या तर सहज सुधारता येतात.

पहिल्याच वाचनात अभ्यास सुरू करणे

पुस्तक लहान आहे, म्हणून त्यातली प्रत्येक ओळ पहिल्या दिवसापासून पेन्सिल घेऊन तपासायची, अनोळखी शब्द दिसला की थांबायचे, कोशात पाहायचे, वहीत उतरवायचे आणि मग पुढच्या ओळीकडे वळायचे, असा शिरस्ता पुष्कळ घरांत पालकच लावून देतात. परिणाम असा होतो की दहाव्या-पंधराव्या पानापर्यंत मूल थकते, आणि ‘यात काहीच घडत नाही’ असे म्हणून पुस्तक बाजूला ठेवते. या कादंबरीत माणदेशी बोलीतले शब्द आहेत, धनगरांच्या जगण्यातल्या वस्तूंची नावे आहेत, जुन्या गावगाड्यातली नाती आहेत. त्यांतले निम्मे शब्द प्रसंगाच्या ओघात आपोआप उमगतात आणि उरलेले पहिल्या वाचनात न कळल्याने काही बिघडत नाही.

म्हणून पहिले वाचन हातात काहीही न घेता, तीन-चार दिवसांत, सलग करावे. मास्तर गावात येतो, मुले शाळेत येत नाहीत, हळूहळू लोकांचा विश्वास बसतो, तालीम उभी राहते आणि शेवटी दुष्काळ सगळे विस्कटून टाकतो, हा सगळा प्रवास एका दमात डोळ्यांसमोरून गेला पाहिजे. पेन्सिल दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवावी आणि ते वाचन मात्र मुद्दाम संथपणे, रोज आठ-दहा पाने या गतीने करावे. दोन वाचनांमध्ये आठवडाभराचे अंतर राहिले तर अधिक चांगले, कारण त्या काळात कोणता प्रसंग मनात टिकला आणि कोणता पुसला गेला, हे मुलाला स्वतःलाच कळते. जो टिकला, त्याच्यापासून दुसऱ्या वाचनातल्या नोंदींची सुरुवात करावी.

औंध म्हणजे बाणेरशेजारचे औंध समजणे

ही चूक खास पुण्यातली आहे. कादंबरीत औंधचा उल्लेख आला की इथल्या मुलाच्या डोळ्यांसमोर विद्यापीठाच्या पलीकडचा, उंच इमारतींचा आणि रहदारीचा औंध परिसर उभा राहतो, आणि मग त्या संस्थानातले उजाड माळ, चालत तुडवायचे अंतर आणि राजाची भेट यांपैकी कशाचीच संगती लागत नाही. कादंबरीतले औंध हे आजच्या सातारा जिल्ह्यातले, एका छोट्या संस्थानाच्या राजधानीचे गाव आहे. त्या संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. आज सांगली जिल्ह्यात असलेला आटपाडीचा भागही त्यात होता आणि बनगरवाडीचे जग याच माणदेशातले आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा प्रदेश असल्यामुळे तिथे पाऊस मुळातच कमी पडतो. त्यामुळे शेवटी येणारा दुष्काळ लेखकाने कथानक संपवण्यासाठी ओढून आणलेला नसून तो या भूमीच्या स्वभावातच आहे, हे नकाशा समोर ठेवल्याशिवाय मुलांच्या लक्षात येत नाही.

काळाचेही असेच आहे. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, म्हणजे ही गोष्ट त्याआधीची आहे. संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते. एवढी गोष्ट माहीत असली, की एका मास्तराला धनगरांच्या वाडीत तालीम बांधावीशी का वाटते आणि तिच्या उद्घाटनाला राजाने येणे गावाला इतके मोलाचे का वाटते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पार्श्वभूमीची माहिती इतकीच आणि अशीच असावी. संस्थानांच्या इतिहासाची चार पाने वहीत उतरवून घेण्याची गरज नाही.

प्रत्येक प्रसंगाचे तात्पर्य शोधणे

माझ्या मते सर्वांत नुकसान करणारी चूक ही आहे. प्राथमिक इयत्तांपासून मुलांना गोष्टीच्या शेवटी ‘यावरून काय बोध मिळतो’ हे लिहिण्याची सवय लागलेली असते. ती सवय घेऊन ते ‘बनगरवाडी’कडे आले, की त्यांची वही ‘शिक्षणाचे महत्त्व’, ‘एकजुटीचे बळ’, ‘निसर्गापुढे माणूस दुबळा आहे’ अशा शीर्षकांनी भरते. यातले कोणतेही विधान खोटे नाही, परंतु ही विधाने कोणत्याही पुस्तकाखाली लिहिता येतील, आणि जी नोंद कोणत्याही पुस्तकाला चालते ती या पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही.

माडगूळकर या कादंबरीत न्यायनिवाडा करत नाहीत. ते पाहतात आणि जे दिसले ते नेमक्या शब्दांत मांडतात. शेकूच्या घरी औताला दुसरा बैल नसतो, तेव्हा त्याची बायको स्वतः बैलाच्या जोडीला जुवाखाली खांदा देते. हा प्रसंग वाचून ‘स्त्रिया कष्टाळू असतात’ असे लिहिणे म्हणजे त्या बाईकडे पाठ फिरवणे होय. त्याऐवजी मुलाला विचारावे, की हे दृश्य आपल्याला कोणाच्या नजरेतून दिसते, ते पाहून मास्तर काय म्हणतो, काय म्हणत नाही, आणि लेखकाने इथे दया दाखवणारा एखादा शब्द वापरला आहे का. हे शोधायला मूल पुन्हा पानाकडे जाते, आणि पुन्हा पानाकडे जाणे हाच साहित्याच्या अभ्यासाचा गाभा आहे.

आनंदा रामोशाबद्दल हीच काळजी अधिक घ्यावी लागते. तो चोऱ्या करतो, म्हणून काही मुले त्याला दुष्ट पात्रांच्या रकान्यात टाकतात, आणि काही तर नकळत सगळ्या रामोशी समाजालाच चोर ठरवून मोकळी होतात. गावाची राखण करणे हे या समाजाकडे परंपरेने आलेले काम होते. इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या आणि १८३२ साली याच पुण्यात फाशी गेलेल्या उमाजी नाईकांचा हा समाज. गरिबी, भूक आणि हातचे गेलेले काम यांच्यात सापडलेल्या एका माणसाला लेखकाने किती जिव्हाळ्याने रंगवले आहे, हे पाहण्याआधीच त्याच्यावर शिक्का मारला, तर कादंबरीतले एक फार सुंदर व्यक्तिचित्र हातचे जाते. चांगले-वाईट असे दोन रकाने आखलेली वही या पुस्तकासाठी वापरूच नये.

शेवटाबाबतही तसेच म्हणता येईल. मेंढरे मरतात, माणसे गाव सोडून पांगतात, शाळा ओस पडते. ‘मग मास्तरांच्या कष्टांचा उपयोग काय झाला?’ हा प्रश्न मुलाने विचारला, तर पालकांनी घाईने दिलासा देणारे उत्तर देऊ नये. तो प्रश्न वहीच्या वेगळ्या पानावर लिहून ठेवायला सांगावा, त्याखाली त्याला स्वतःला सुचतील ती दोन-तीन उत्तरे लिहू द्यावीत आणि ती एकमेकांशी जुळली नाहीत तरी खोडू देऊ नयेत.

सारांश, मार्गदर्शक आणि चित्रपट यांच्यावर भागवणे

अप्पा बळवंत चौकात कोणत्याही पुस्तकाचे मार्गदर्शक मिळू शकते आणि मोबाइलवर एका प्रश्नात सारांश येतो. कथानक विसरले असेल तर ते आठवायला याचा उपयोग होतो हे मान्य करायला हवे; परंतु मूळ पुस्तकाआधी सारांश वाचला, की मूल कादंबरीत सारांशातल्या घटनाच शोधत बसते आणि मधली पहाट, माळ, पाखरे, मेंढरांचा वास, म्हाताऱ्यांच्या गप्पा यांना ‘वर्णन’ म्हणून ओलांडून जाते. ‘बनगरवाडी’चा जीव तर त्याच भागात आहे. अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये काढलेला चित्रपट जरूर पाहावा, मात्र दुसरे वाचन संपल्यानंतर; तो आधी पाहिला तर कारभाऱ्याचा चेहरा, वाडीची रचना, मास्तराचा आवाज हे सारे आयते मिळते आणि वाचताना मुलाच्या मनाने करायचे काम शिल्लकच राहत नाही.

निवेदकाला लेखक मानणे

कादंबरी ‘मी’ने सांगितलेली असल्यामुळे मुले सर्रास ‘माडगूळकर गावात आले तेव्हा’ असे लिहितात. गोष्ट सांगणाऱ्या मास्तराचे नाव राजाराम आहे आणि तो लेखकाने निर्माण केलेला माणूस आहे. उत्तरात ‘मास्तर’ किंवा ‘निवेदक’ असेच लिहावे. चूक छोटी असली तरी नववीत ती ताबडतोब डोळ्यांत भरते.

पुरावा नसलेल्या नोंदी

वही सुंदर अक्षरांत भरलेली असते, पण तिच्यात पृष्ठक्रमांक नसतात. ‘कारभारी हा गावातला वडीलधारा, प्रेमळ आणि समजूतदार माणूस आहे’ अशी नोंद मी अनेक वह्यांमध्ये पाहिली आहे. ती सुरुवातीच्या पानांपुरती खरी आहे. पुढे त्याच्या मुलीवरून, म्हणजे अंजीवरून, मास्तराबद्दल कुजबुज सुरू होते आणि हाच कारभारी त्याच्याकडे पाठ फिरवतो, तेव्हा त्या नोंदीचे काय करायचे, याचा विचार झालेला नसतो. उपयोगी नोंद साधारण अशी असते: ‘कारभाऱ्याच्या शब्दामुळे गाव मास्तराला स्वीकारते (पान अमुक). अंजीच्या प्रसंगानंतर तो दुरावतो (पान तमुक). म्हणजे मास्तराचे गावातले स्थान एका माणसाच्या मर्जीवर टेकलेले होते का?’ दोन घटना, दोन पाने आणि त्यांतून उठलेला एक खराखुरा प्रश्न. प्रत्येक मुख्य पात्रासाठी अशा तीन नोंदी पुरेत; वीस पाने भरण्याची काही आवश्यकता नाही. पुस्तक ग्रंथालयातून आणले असेल, तर समासात न लिहिता कागदाच्या पट्ट्या वापराव्यात आणि आवृत्तीचे वर्ष वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवावे, कारण आवृत्ती बदलली की पृष्ठक्रमांक बदलू शकतात आणि जून महिन्यात वर्गात वेगळी प्रत हाती आली तर गोंधळ होतो.

इंग्रजी माध्यमाच्या मुलाला एकट्याने वाचायला बसवणे

पुण्यात मराठी घरांतली असंख्य मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना मराठी उत्तम बोलता येते, पण छापील मराठी वाचण्याचा वेग कमी असतो, आणि बोलीतले संवाद तर डोळ्यांनी वाचताना त्यांना जवळजवळ परके वाटतात. अशा मुलाला पुस्तक देऊन खोलीत बसवल्यास ते पानेच मोजत राहते. संवाद मोठ्याने वाचले की त्यांतला अर्धा अवघडपणा नाहीसा होतो, म्हणून घरातल्या कोणीतरी, विशेषतः आजी-आजोबा सातारा, सांगली किंवा सोलापूरकडचे असतील तर त्यांनी, रोज रात्री अर्धा तास मुलासोबत आळीपाळीने वाचावे. मुलाचा उच्चार चुकला तर दरवेळी थांबवू नये. अशा वाचनाला तीन आठवडे लागले तरी हरकत नाही. अशा वेळी पहिले वाचन सलग तीन-चार दिवसांत संपवण्याचा माझा आग्रह बाजूला ठेवावा.

एखादे मूल मध्येच अडून बसले असेल, तर त्याला पुन्हा पहिल्या पानावर नेऊ नये. तालमीच्या बांधकामाचा भाग उघडून द्यावा. तिथे कामे वाटली जातात, भांडणे होतात, माणसे अंगमेहनत करतात आणि गावातली बहुतेक पात्रे एकाच ठिकाणी भेटतात. तो भाग वाचून झाल्यावर, हे लोक आधी मास्तराशी कसे वागत होते, हे जाणून घ्यायला मागची पाने उलटायला सांगावे. मग उरलेले पुस्तक त्याच्या स्वतःच्या क्रमाने पूर्ण होऊ द्यावे.