गेम खेळून पोराचा अंगठा दुखतोय? तेलाची बाटली आधी खाली ठेवा

मोबाईलवर गेम खेळून दुखणं बहुतेकदा अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला सुरू होतं. अंगठ्याच्या दोन कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, तिथल्या एकाच अरुंद आवरणातून सरकतात. तासन्‌तास टपटप चालली की ते आवरण जाड होतं, सुजतं. कोल्हापुरात यावर ठरलेला सल्ला: 'शीर आखडली असंल, तालमीत नेऊन वस्तादांकडनं चोळून घ्या.' अजिबात नको. घासून सुजलेल्या जागेवर पुन्हा घासणं झालं ते.

तपासायला पोराला अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे हळू वाकवायला सांगा. थोडा ताण सगळ्यांनाच बसतो, म्हणून दुसऱ्या हाताशी ताडून बघा. एकदाच, आल्यागेल्याला दाखवायला परत परत नको.

बर्फ रुमालात गुंडाळून 10 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा.

आता विश्रांती. बहुतेक घरं इथंच फसतात. मेडिकलमधून नुसता मनगटाचा पट्टा आणतात; त्यात अंगठा मोकळाच राहतो आणि पोरगं पट्टा लावून खेळतं. अंगठ्यासकट मनगट धरणारा स्प्लिंट मागा, लहान मापाचा. बोटाचं टोक निळसर पडलं किंवा मुंग्या आल्या तर घट्ट झालाय. आंघोळीला काढा, तेव्हा अंगठा दुखणार नाही इतपत हलवू द्या. वहीत लिहिणंही याच अंगठ्यावर येतं, तेव्हा पेनाला फोमची जाड ग्रिप चढवा.

दोन दिवस फोन कपाटात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तीन तास, हा प्रकार सर्वांत वाईट. शिक्षा म्हणून फोन काढला तर पोरं दुखणंच लपवतात. बुडाशी दाबून दुखेनासं झालं की 10 मिनिटांपासून सुरुवात करा. फोन टेबलावर स्टँडला टेकवून, कोपर टेबलावर, टॅप तर्जनीनं. आडवा फोन दोन्ही हातांत धरून अंगठ्यानं खेळायच्या गेम महिनाभर बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा आखडलेला नसेल तरच 5 मिनिटं वाढवा. असेल तर मागं या. खेळताना दुखत नाही, याला काही अर्थ नाही. खेळाच्या नादात कळत नाही, खरं काय ते सकाळी कळतं.

मोठ्यांची दुखण्याची गोळी अर्धी करून देऊ नका. बोटं बधिर होत असतील, रात्री दुखून जाग येत असेल, जागा लाल आणि गरम असेल, ताप असेल किंवा वस्तू हातातून सुटत असतील, तर वाट न पाहता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. यातलं काही नसेल, पण दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तरीही.