नकाशा कापण्याआधी

बेळगाव-खानापूर परिसराचे नकाशे हाताने कापून, म्हणजे एकेका पानावर एकेका उंचीची रेषा कापून, कलापुस्तक करू इच्छिणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे, की सुरुवात बेळगावजवळच्या राजहंसगडापासून करू नका. डोंगराच्या समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, स्वतःभोवती बंद होतात, आणि बंद रेषा पूर्ण कापली की आतला कागद, म्हणजे खुद्द गडच, सुटून खाली पडतो. हे वाचताना बाळबोध वाटेल, मलाही वाटले होते. परंतु रेषा काढताना लक्ष रेषेवरच राहते आणि तिच्या अलीकडचा-पलीकडचा कागद कशाच्या आधाराने टिकणार, हा विचार सुचत नाही. म्हणून प्रत्येक पानावर उरणारा भाग आधी पेन्सिलीने रंगवावा आणि त्यातल्या कोणत्याही ठिपक्यापासून, रंगाबाहेर न जाता, पानाच्या कडेच्या चौकटीपर्यंत पोहोचता येते का हे तपासावे. पोहोचता येत नसेल तेथे दोन-तीन मिलिमीटरचा सांधा, म्हणजे न कापलेली अरुंद पट्टी, राखावा, आणि तो लागोपाठच्या पानांवर एकाच जागी येऊ देऊ नये. नाहीतर नकाशात नसलेला रस्ता पुस्तकात उमटतो.

त्यापेक्षा कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेचे खोरे निवडावे. त्याच्या बहुतेक रेषा पानाबाहेर जातात, त्यामुळे भोवती दीड सेंटिमीटरची चौकट ठेवली की उंच भाग तिला धरून राहतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशातली प्रत्येक रेषा घेण्याचा हट्ट मात्र धरू नये. सह्याद्रीच्या उतारावर त्या फार दाटतात, दर १०० मीटरची पुरते.

गावांची नावे कागदातच उरवायची असतील तर देवनागरीत शिरोरेखा शब्द सांधून ठेवते, कन्नड अक्षरे सुटी असल्याने प्रत्येकाला आधार द्यावा लागतो. उलट अक्षरे कापून काढायची असतील तर ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटातला कागद गळतो.

लेझरने कापून घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने कडा तपकिरी होतात, आणि सांध्याची जाण हाताला येत नाही ती नाहीच. दोन दिवसांच्या कार्यशाळेपेक्षा वह्या-खातेवह्या बांधणाऱ्या जुन्या बाइंडरकडे बसणे मला अधिक मोलाचे वाटते. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला समांतर हवा, हे तोच नीट शिकवतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद धाग्याला आडवा फुगतो, म्हणून एका पुस्तकाची सगळी पाने एकाच गठ्ठ्यातली आणि एकाच दिशेने कापलेली असावीत.

सांधा तुटलाच तर घाबरू नये. त्याच कागदाची बारीक पट्टी मागून गव्हाच्या खळीने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवली, की समोरून ती जागा सहसा ओळखू येत नाही.