हनीपॉट लावताय? आधी त्याच्याच खिडक्या तपासा

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी. हल्लेखोराला गुंगवायला कावरी हे हनीपॉट, म्हणजे नकली सर्व्हरचा सापळा, बसवलं म्हणजे काम झालं असं नाही. तेही शेवटी सॉफ्टवेअरच, त्यालाही भोकं असतात. कावरीच्या २.९.० आधीच्या आवृत्त्यांत नकली शेलमधल्या (आज्ञा टाइप करायच्या पडद्यावरच्या) डब्ल्यूगेट आणि कर्ल या इंटरनेटवरून फाइल आणायच्या आज्ञा खरोखरच बाहेर विनंत्या पाठवायच्या. म्हणजे आत शिरलेला माणूस तुमच्या आयपीवरून तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर मारा करणार, आणि जाब तुम्हाला विचारला जाणार! तेव्हा आधी अपडेट करा. मग फायरवॉलवर हनीपॉटमधून बाहेर जाणारा ट्रॅफिक अडवा किंवा अगदी मर्यादित ठेवा. पीएलसी (यंत्रं चालवणारे कंट्रोलर) आणि अकाउंट्सच्या नेटवर्कपासून त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) टाका, रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून कधीच चालवू नका. लॉग, म्हणजे नोंदी, दुसऱ्या मशीनवर पाठवा.

मूळ सेटिंग तशीच ठेवणं हा तर निव्वळ आळस. कावरीचं होस्टनेम ‘एसव्हीआर०४’ आणि कॉनपॉट या कारखान्यातल्या यंत्रणेची नक्कल करणाऱ्या हनीपॉटच्या नकली सीमेन्स पीएलसीतलं ‘माउसर फॅक्टरी’ हे नाव जाणकार हल्लेखोरांना पाठ आहे. अंबडच्या प्लांटला शोभेल असं काहीतरी द्या, फक्त कंपनीचं खरं नाव, खरे पासवर्ड तिथे नकोत.