रिबन माइकने गिटार अ‍ॅम्प रेकॉर्ड करताय? कोकणात या चुका टाळा

रिबन माइक, म्हणजे चुंबकांमध्ये टांगलेल्या धातूच्या पातळ पट्टीने आवाज टिपणारा माइक, म्हटला की पहिली शंका हीच येते, की अ‍ॅम्पच्या एवढ्या आवाजात पट्टी फाटणार नाही ना? जुन्या, लांब पट्टीच्या माइकांसाठी ही भीती खरी आहे. पण १९९८ मध्ये आलेल्या रॉयर आर-१२१ सारख्या माइकची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी अवघी २.५ मायक्रॉन जाडीची असूनही तो १३५ डेसिबलपर्यंतचा आवाज झेलतो. मोठ्या आवाजाने असे माइक सहसा जात नाहीत. ते जातात हवेच्या झोताने, सदोष केबलने आणि लोखंडी कणांनी. कोकणात या तिन्हींची ददात नाही, म्हणून हा लेख.

फूक मारून बघणे

माइक हातात आला की आधी फूक, मग ‘हॅलो, माइक टेस्टिंग’. गणपतीच्या मंडपात लागलेली ही सवय स्टुडिओत आल्यावरही सुटत नाही. रिबनला एक जोरदार फूकसुद्धा पुरते. ताणलेली पट्टी आपोआप पूर्ववत होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. खिडकीतून खारा वारा थेट येत असेल किंवा पंखा फुल असेल, तर माइक उघडा ठेवू नका. स्टँडवर लावल्यावरही त्यावर कापडी पिशवी असू द्या, रेकॉर्डिंगच्या वेळी काढा. जागा ठरवताना गिटारवाल्याला जोरात पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून) वाजवायला सांगा आणि माइकच्या जागी तळहात धरा. हाताला झुळूक लागली तर माइक मागे घ्या किंवा किंचित तिरका करा. स्पीकरच्या पेटीला (कॅबिनेटला) हवा बाहेर पडायचं भोक, म्हणजे पोर्ट, असेल तर त्यासमोर तर माइक नकोच.

फँटम पॉवरची अर्धवट माहिती

फँटम पॉवर म्हणजे माइकच्या केबलमधूनच माइकला दिली जाणारी ४८ व्होल्टची वीज. ‘फँटम लागला की रिबन जळतो’ हे सरसकट खरं नाही. नीट जोडलेल्या केबलमध्ये हे ४८ व्होल्ट तीन पिनांच्या जोडाच्या पिन २ आणि पिन ३ वर सारखेच येतात, त्यामुळे माइकच्या ट्रान्सफॉर्मरमधून प्रवाह वाहत नाही. धोका असतो तो एखादी तार तुटलेली असली किंवा पिन शॉर्ट झालेली असली तर. खाऱ्या हवेत पिनांवर थर चढतो, जोड कुजतात. रिबनसाठी एक चांगली केबल वेगळी काढा आणि मल्टिमीटरने तपासत जा. मीटर मात्र केबललाच लावा, माइकला नको. रेझिस्टन्स मोजताना मीटर स्वतः थोडी वीज सोडतो आणि पट्टीला झटका बसू शकतो.

छोट्या ऑडिओ इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडायच्या पेटीवर) फँटमचं बटण अनेकदा दोन इनपुटना मिळून एकच असतं. एकावर गायकाचा फँटमवर चालणारा कंडेन्सर माइक आणि दुसऱ्यावर रिबन लावला की घोळ होतो. अशा वेळी रिबन आणि इंटरफेसच्या मध्ये इनलाइन बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारी छोटी डबी, घाला. तो स्वतः फँटमवर चालतो आणि माइककडे व्होल्टेज जाऊ देत नाही. अ‍ॅक्टिव्ह (आत विजेवर चालणारं सर्किट असलेल्या) रिबनला मात्र फँटम लागतोच, तेव्हा आधी आपला माइक कोणता ते पाहा. केबल लावताना किंवा काढताना फँटम बंद करून थोडं थांबा.

काळी वाळू आणि तारांचे तुकडे

या मुद्द्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. रत्नागिरीजवळ मिऱ्या आणि काळबादेवीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटबरोबर मॅग्नेटाइटही असतं. त्या वाळूत साधं चुंबक फिरवलं तरी त्याला काळी दाढी फुटते. रिबन माइकमध्ये तर चांगलं ताकदवान चुंबक असतं. चपलेबरोबर खोलीत आलेला एखादा कण जाळीतून आत ओढला गेला आणि पट्टीला घासू लागला, की प्रत्येक सुरामागे बारीक खरखर ऐकू येते. माणसं तेव्हा अ‍ॅम्पचे ट्यूब बदलत बसतात. आधी दुसरा माइक लावून बघा.

माइक जमिनीवर ठेवू नका. किनाऱ्यावरून आलात तर चपला बाहेर काढा, हात धुवा, मगच पेटी उघडा. आणि ज्या टेबलावर गिटारच्या तारा बदलता त्यावर तर माइक चुकूनही ठेवू नका. कापलेल्या तारांची टोकं पोलादी असतात.

एसएम५७ च्या जागी जसाच्या तसा लावणे

एसएम५७ हा शूर कंपनीचा डायनॅमिक माइक आपण स्पीकरच्या जाळीला टेकवून लावतो. रिबन तसा लावला की बास फुगतो, कारण जवळ गेल्यावर बास वाढण्याचा परिणाम त्यात खूप जास्त असतो. १५ ते २० सेंटिमीटरपासून सुरुवात करा. ५७ चा टोचरेपणा टाळण्यासाठी आपण स्पीकरच्या कोनच्या (कागदी पडद्याच्या) कडेला सरकतो. रिबनचा आवाज मुळात मऊ असतो, तो तिथे अगदीच दबतो. इक्वलायझरला हात लावण्याआधी माइक कोनच्या मध्याकडे न्या.

रिबनला पुढून ऐकू येतं तितकंच मागूनही येतं. मागे हातभरावर जांभ्याची उघडी भिंत असेल तर तिथून परतलेला आवाजही रेकॉर्डिंगमध्ये येणार. मागे अंतर ठेवा किंवा जाड गोधडी टांगा. मात्र डावी-उजवी बाजू आणि थेट वरची दिशा त्याला जवळपास ऐकू येत नाही. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असतील, तर सरळ उभा ठेवलेला रिबन बराच आवाज वगळतो. खिडकीबाहेरच्या पागोळ्या माइकच्या कडेला येतील असा अ‍ॅम्प फिरवा.

गुणगुण येते

ट्यूब अ‍ॅम्प स्टँडबायवर (वीज चालू, आवाज बंद) ठेवा. तरीही गुणगुण राहिली आणि माइक हलवल्यावर कमी-जास्त झाली, तर अर्थिंगला दोष देऊ नका. अ‍ॅम्पच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र माइकमध्ये शिरतंय. माइक त्याच्यापासून लांब न्या किंवा थोडा फिरवून पाहा.

पावसाळ्यात कपाटात आडवा टाकणे

आडवा ठेवला की लांब पट्टी हळूहळू झोळ खाते. माइक उभाच ठेवा, हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून. ते ओलं झालं की बदला. नवा माइक आला की त्याच दिवशी हातभर अंतरावर किल्ल्यांचा जुडगा वाजवून रेकॉर्ड करा. गेन (माइकचा सिग्नल किती वाढवला ते) किती होता ते लिहून फाइल जपा. दसऱ्याच्या सुमारास तीच चाचणी पुन्हा घ्या. वरचे सूर बोथट झाले असतील किंवा त्याच गेनवर आवाज पडला असेल, तर माइक घरी उघडू नका, पट्टी बदलणाऱ्या जाणकाराकडे पाठवा.