अँझायटीची गोळी सोडताय? दिवसाआड नको, चतकोर चतकोर कमी करा

2019 चा पूर ओसरला पण माझी झोप काय परत आली नाही, पाऊस जोरात लागला की छातीत धडधड सुरू. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी क्लोनाझेपाम दिली आणि मी तीच जुनी चिठ्ठी दाखवत तीन वर्षं घेत राहिलो, रात्री 1 मिग्रॅ. मग एकदा मनाशी ठरवलं बास आता, आणि एका दिवसात बंद केली. चौथ्या दिवशी हातातला कप बशीवर खडखड वाजत होता, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचो, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. तुम्ही असं अजिबात करू नका.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या सगळ्या एकाच घरातल्या गोळ्या. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं, त्याचा जोर या वाढवतात. रोज घेत राहिलं की मेंदू त्या हिशोबानं स्वतःला बसवून घेतो, मग एकदम काढली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. म्हणून महिनाभरापेक्षा जास्त रोज घेत असाल तर आधी मनोविकार डॉक्टर गाठा, सांगली-मिरजेत ते आहेत, लाजू नका. आणि गोळी फिटसाठीच चालू असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही.

जाताना पाकीट सोबत न्या. बऱ्याच जणांना माहीतच नसतं की त्यांच्या एका गोळीत एस्सिटॅलोप्रॅम (उदासी-अँझायटीवरचं वेगळ्या जातीचं औषध) आणि क्लोनाझेपाम दोन्ही आहे. ती अर्धी केली की दोन्ही औषधं एकदम अर्धी होतात आणि त्रास कशाचा तेच कळत नाही. डॉक्टरांकडून दोन्ही वेगवेगळी लिहून घ्या. एसआर लिहिलेली, म्हणजे पोटात हळूहळू औषध सोडणारी गोळी तर तोडायचीच नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे सगळे सांगतात, 'एक दिवसाआड घे, सुटेल'. असं नका करू. अल्प्राझोलामचा अर्धा अंश साधारण 11 तासांत शरीरातून जातो, म्हणजे मधल्या दिवशी मेंदू रिकामा आणि दुसऱ्या दिवशी परत भरलेला, रोज नवा त्रास. वेळ रोजची तीच ठेवायची, कमी करायचा तो डोस. साधारण 5 ते 10 टक्के, दोन ते चार आठवड्यांनी. मला डॉक्टरांनी 0.25 च्या गोळ्या लिहून दिल्या, चारऐवजी साडेतीन, महिनाभर तेवढंच, मग तीन. माझी पहिली पायरी साडेबारा टक्क्यांची झाली, ती मला झेपली, तुमचं गणित तुमच्या डॉक्टरांनी करायचं. मेडिकलमध्ये गोळी कापायचं छोटं कटर मिळतं ते घ्या, सुरीनं कापली की निम्मी ताटात भुगा होऊन पडते. तोंडात विरघळणारी तर कटरमध्येही चुरते, साधी मागा.

शेवट सगळ्यात अवघड जातो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. चारातून अर्धी जाणं वेगळं आणि एकातून अर्धी जाणं वेगळं, निम्मा डोस गेला की राव! तिथं मी चतकोरावर आलो आणि प्रत्येक चतकोराला पाच आठवडे दिले. एकूण चौदा महिने लागले. घरात लग्न, आजारपण, पुराची भीती असेल तर आहे त्याच डोसवर थांबायचं, पण मनानं वाढवायचा नाही.

डोस कमी केल्यावर धडधड, घाम, झोपमोड, आवाज सहन न होणं हे येतं आणि बहुतेकदा ओसरतं. मी वहीत तारीख, डोस आणि झोपेचे तास लिहायचो, त्यातून दिसलं की माझा त्रास कमी केल्यावर आठवड्यानं चढतो आणि तिसऱ्या आठवड्यात उतरतो. वही नसती तर मूळ आजारच परत आला असं समजून परत पूर्ण गोळी घेतली असती. दुपारनंतर चहा बंद केला, संध्याकाळी आयर्विन पुलाकडं चालायला जायचो, श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब सोडायचा. झोपेसाठी दारू तर अजिबात नको, ती आणि ही गोळी मिळून श्वास मंद होतो.

फिट आली, भास झाले, माणूस बरळायला लागला तर थांबू नका, तडक दवाखाना. मरावंसं वाटत असेल तर घरच्यांना उठवा, एकटं राहू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे, रात्रीही चालू असतो.

घरच्यांनाही एक सांगायचंय. माझी बायको रात्री दोनला उठून नुसती शेजारी बसायची, 'आज कितवा दिवस?' एवढंच विचारायची. मी वही उघडून सांगायचो, आणि मग दोघं लाइट बंद करायचो.