पूर आला की संस्थेच्या ग्रुपवर काय टाकायचं, कसं टाकायचं

पावसाळ्यात दिवा, मुंब्रा, कळव्याकडे पाणी भरायला लागलं की ठाण्यातल्या छोट्या संस्थांचे फोन थांबत नाहीत, त्यामुळे हे आत्ताच वाचून ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे तारीख आणि वेळ. प्रत्येक मेसेजच्या पहिल्याच ओळीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड झालेल्या मेसेजला फॉरवर्ड केल्याची वेळ दिसते, तुम्ही तो मुळात कधी लिहिला ते समोरच्याला कळतच नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडला पूर आला तेव्हा आम्ही चादरी आणि पाण्याच्या बाटल्या मागवल्या, आणि पोस्टवर तारीखच नव्हती. दोन दिवसात पुरेसं जमलं, टेम्पो गेलासुद्धा, पण पोस्ट तीन आठवडे फिरत राहिली आणि लोक आपले हॉलवर जुने कपडे आणून देत राहिले. ते निवडण्यात आमच्या पोरांचे चार दिवस गेले, आणि तिकडे घराघरातला चिखल उपसायला माणसं हवी होती. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

म्हणून मेसेज असा लिहा: "२३ जुलै, दुपारी ४. दिवा पूर्व, अमुक शाळा, ६० माणसं. हवंय: पिण्याचं पाणी, दूध पावडर, सॅनिटरी पॅड. कपडे नकोत. आज रात्री ८ पर्यंतच." काय नको ते लिहायला लाजू नका, त्याने कोणी रागवत नाही.

गरज भागली की नुसता मेसेज डिलीट करून भागत नाही, पुढे गेलेल्या कॉप्या तशाच राहतात. त्याच मथळ्याने नवा मेसेज टाका, वर "पूर्ण झालं, आता पाठवू नका", आणि जिथे जिथे पहिला टाकला होता तिथे सगळीकडे. फेसबुकवर मूळ पोस्टच एडिट करा. इन्स्टावर कॅप्शन बदलता येतं पण फोटोवर छापलेली अक्षरं नाही, म्हणून यादी फोटोवर लिहू नका, शिवाय नेट रडत असताना फोटो उघडत पण नाही.

कोणी अडकलंय असा मेसेज आला तर आधी ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७ ला फोन, पोस्ट नंतर. एकट्या राहणाऱ्या आजींचा पत्ता आणि नंबर उघड्यावर टाकू नका, तो फक्त जाणाऱ्या माणसाकडे द्या. छावणीत जेवण घेणाऱ्यांचे चेहरे तर अजिबात नको, उद्या त्यांना त्याच गल्लीत राहायचंय.

पावसाचा अलर्ट हवामान खात्याच्या पेजवरूनच घ्या, मामाच्या ग्रुपवरून नाही. वंदना टॉकीजजवळच्या पाण्याचा व्हिडिओ आला तर तिथे राहणाऱ्या कोणाला तरी फोन करून विचारा, मगच पुढे.

दोन माणसं ठरवा, एक फोन घेईल, एक पोस्ट टाकेल, बाकी कोणी संस्थेच्या नावाने काही टाकायचं नाही. मराठी आणि हिंदी दोन्हीत लिहा. पैसे मागत असाल तर क्यूआर स्कॅन केल्यावर संस्थेचंच नाव दिसायला हवं, कार्यकर्त्याचं नाही.

आणि २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिमी पडला त्या दिवशी, फोन लागतच नव्हते हे लक्षात ठेवून महत्त्वाचे नंबर आणि जवळच्या शाळेचा पत्ता कागदावर लिहा, सोसायटीच्या गेटवर आणि रिक्षा स्टँडवर जूनमध्येच चिकटवा, वर प्लास्टिक लावून.